मेडिकेअर ॲम्ब्युलन्सचे पैसे कसे ठरवतं, आणि ते अपुरे का पडतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत मुलाकडे राहणाऱ्या आईंना रात्री अचानक धाप लागली. ९११ या तातडीच्या नंबरला फोन केला, पॅरामेडिक (प्रगत उपचारांचं प्रशिक्षण घेतलेले ॲम्ब्युलन्स कर्मचारी) आले, ऑक्सिजन लावला, ईसीजी काढला, सहा मैलांवरच्या हॉस्पिटलात नेलं. काही आठवड्यांनी मेडिकेअरचा, म्हणजे प्रामुख्याने वृद्धांसाठी असलेल्या सरकारी आरोग्यविम्याचा, कागद आला. ॲम्ब्युलन्स सेवेचं बिल १,९०० डॉलरच्या आसपास, मेडिकेअरने मान्य केलेली रक्कम ५७० च्या आसपास, आणि त्यातले साधारण ११५ डॉलर आईंच्या वाट्याला. मुलगा विचारतो: हे ५७० आले कुठून? उरलेले तेराशे ते आमच्याकडून मागतील का? आणि सेवेचा माणूस फोनवर म्हणाला की मेडिकेअरच्या पेशंटमागे आम्हाला तोटा होतो, त्यात तथ्य आहे का?

मी बरीच वर्षं अमेरिकेतल्या ॲम्ब्युलन्स सेवांच्या बिलिंगचं आणि दरांच्या हिशेबाचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मधल्या प्रश्नाचं उत्तर, कारण घरात धास्ती त्याचीच असते. नाही, उरलेले तेराशे डॉलर तुमच्याकडून मागता येत नाहीत. मूळ मेडिकेअरमध्ये, म्हणजे जिथे सरकार थेट पैसे देतं तिथे, ठरलेली रक्कम हीच पूर्ण रक्कम म्हणून स्वीकारणं ॲम्ब्युलन्स सेवेला बंधनकारक आहे. तिथे सेवेच्या मर्जीचा प्रश्नच येत नाही. पार्ट बी, म्हणजे मेडिकेअरचा डॉक्टर आणि हॉस्पिटलबाहेरच्या सेवांचा भाग, मान्य रकमेच्या ८० टक्के देतो. वर्षाचं डिडक्टिबल, म्हणजे विमा सुरू होण्याआधी स्वतः भरायची ठरावीक रक्कम, आधीच भरून झालं असेल तर पेशंटकडे फक्त २० टक्के उरतात. तेराशे डॉलर सेवेच्या वहीत सोडून दिलेली रक्कम म्हणून लिहिले जातात आणि विषय तिथे संपतो.

मग १,९०० चं बिल लावलंच कशाला? सेवा सगळ्यांना एकच दरपत्रक लावते आणि ते मेडिकेअरसाठी बनवलेलं नसतं. ते बनतं खासगी विमा असलेल्या पेशंटकडे बघून. २०२२ पासून लागू झालेल्या ‘नो सरप्रायझेस’ कायद्याने हवाई ॲम्ब्युलन्सची अचानक येणारी बिलं रोखली, रस्त्यावरच्या ॲम्ब्युलन्सला मात्र त्यातून वगळलं. काही राज्यांनी आपापले कायदे केले आहेत, पण जिथे ते नाहीत तिथे नेटवर्कबाहेरची, म्हणजे विमा कंपनीशी करार नसलेली, गाडी आली तर खासगी विमा असलेल्या माणसाला फरकाचं बिल येऊ शकतं. सरकारी विम्यात जे कमी पडतं ते तिथून भरून काढायचं, असं हे गणित आहे. तुमच्या आईंना या भांडणापासून संरक्षण आहे. तुम्हाला स्वतःला, नोकरीतून मिळालेल्या विम्यावर, ते असेलच असं नाही.

आता ५७० चा हिशेब. मेडिकेअरचा ॲम्ब्युलन्स दर चार गोष्टींनी बनतो: एक मूळ दर, सेवेच्या पातळीचा गुणांक, जागेचा गुणांक आणि मैल. मूळ दर दरवर्षी बदलतो. समजायला सोपं जावं म्हणून मी तो २५० डॉलर धरते आणि मैलाचा दर ९ डॉलर. खरे आकडे याच्या आसपासचे आहेत, पण नेमके हे नाहीत.

पातळीचे गुणांक मात्र खरे देते. साधी गाडी, म्हणजे बीएलएस, तातडी नसेल तर १.००, आणि तातडीची असेल तर १.६०. पॅरामेडिकची गाडी, म्हणजे एएलएस-१, तातडी नसेल तर १.२०, तातडीची असेल तर १.९०. एएलएस-२, म्हणजे पॅरामेडिकचे त्याहून मोठे उपचार, त्याला २.७५. एका हॉस्पिटलातून दुसऱ्या हॉस्पिटलात अत्यवस्थ पेशंट नेताना पॅरामेडिकच्याही वरच्या कौशल्याचं माणूस सोबत लागतं, त्याला ३.२५. तुमच्या आईंची फेरी एएलएस-१ तातडीची, बिलिंगचा कोड ए०४२७. म्हणजे २५० गुणिले १.९०, ४७५ डॉलर.

पुढे जागा. यातल्या ७० टक्के भागाला स्थानिक खर्चाचा निर्देशांक लागतो, ३० टक्के भाग सगळीकडे सारखा. सेवेचं ऑफिस कुठे आहे किंवा हॉस्पिटल कुठे आहे हे इथे बघत नाहीत. पेशंट जिथून गाडीत चढला तिथला झिप कोड (पिन कोड) बघतात. तुमच्या भागाचा निर्देशांक १.१० धरू. ०.७ गुणिले १.१० अधिक ०.३, म्हणजे १.०७. तेव्हा ४७५ चे झाले ५०८.२५. त्यात सहा मैलांचे ५४ डॉलर मिळवा, ५६२.२५. शहरी भागासाठी त्यावर २ टक्के वाढ मिळते, ती धरून ५७३.५०. हाच तुमचा ५७० च्या आसपासचा आकडा. त्याचे ८० टक्के ४५८.८० आणि आईंचे २० टक्के ११४.७०.

पण सेवेच्या खात्यात ४५८.८० सुद्धा जमा होत नाहीत. २०१३ पासून केंद्र सरकारची २ टक्के कपात मेडिकेअरच्या वाट्यावर लागते. महासाथीच्या काळात ती काही काळ थांबवली होती, पुढे परत आली. तेव्हा हातात येतात ४४९.६२. शहरी भागासाठी दिलेली २ टक्के वाढ या हिशेबात सव्वाअकरा डॉलरची, आणि कपात नऊ डॉलरच्या वर. एका खिशात घातलेलं बरंचसं दुसऱ्या खिशातून निघून जातं. पेशंटच्या २० टक्क्यांवर मात्र ही कपात लागत नाही.

या सूत्रात काय नाही ते बघा. ऑक्सिजन, औषधं, ईसीजीचे पॅड, हातमोजे, सगळं त्याच रकमेत धरलेलं आहे, वेगळं बिल लावता येत नाही. वेळेचा तर कुठे उल्लेखच नाही. तुमच्या आईंना सहा मैल न्यायला पंधरा मिनिटं लागली असतील, पण हॉस्पिटलात खाट रिकामी नसेल तर त्याच क्रूला स्ट्रेचरजवळ तासभर उभं राहावं लागतं. तोवर ती गाडी दुसऱ्या कॉलला जाऊ शकत नाही, आणि त्या तासाचे पैसे शून्य.

इथून तिसऱ्या प्रश्नाकडे येते. मेडिकेअर फेरीचे पैसे देतं, आणि ॲम्ब्युलन्सचा खर्च बहुतेक सज्ज राहण्याचा असतो. या धंद्यातली जवळजवळ प्रत्येक तक्रार या एका गोष्टीशी येऊन थांबते.

एक गाडी चोवीस तास सज्ज ठेवायची तर दोन माणसं सतत हवीत. दिवसाला ४८ मनुष्यतास, वर्षाला १७,५२०. पगार, विमा, निवृत्तीवेतन, ओव्हरटाइम धरून तासाला सरासरी ३५ डॉलर खर्च समजा. नुसत्या माणसांवर वर्षाला ६,१३,२०० डॉलर. यात गाडी, डिझेल, मॉनिटर, औषधं, प्रशिक्षण, डिस्पॅच, बिलिंग काहीच धरलेलं नाही. आता ती गाडी शहराच्या गजबजलेल्या भागात वर्षाला ३,००० पेशंट नेत असेल तर एका फेरीवर माणसांचा खर्च पडतो २०४ डॉलर. मध्यम वस्तीत १,००० फेऱ्या होत असतील तर ६१३. दूरच्या, विरळ वस्तीच्या काउंटीत (जिल्ह्यात) ४०० होत असतील तर १,५३३. गाडी तीच, माणसं तीच, औषधं तीच. पहिलीला ५७३ डॉलर पुरतात, दुसरीला माणसांच्या पगारालाच कमी पडतात, तिसरीला तर ते निम्म्याच्याही आत आहेत.

हे माझ्या उदाहरणातले आकडे असले तरी प्रत्यक्षातलं चित्र असंच आहे. अमेरिकेच्या संसदेसाठी हिशेब तपासणारी संस्था, जीएओ, हिने २००७ च्या अहवालात २००४ सालचा खर्च मोजला होता. जिथे ॲम्ब्युलन्सचा खर्च अग्निशमन दल किंवा हॉस्पिटलच्या खर्चात मिसळलेला नव्हता अशाच सेवा त्यात घेतल्या होत्या. एका फेरीचा सरासरी खर्च ४१५ डॉलर निघाला, पण सेवासेवांमधला फरक ९९ डॉलरपासून १,२१८ डॉलरपर्यंत. मेडिकेअरची रक्कम सरासरी खर्चापेक्षा सुमारे ६ टक्के कमी पडेल असाही अंदाज त्यात होता. ६ टक्क्यांपेक्षा मला तो बारापटीचा फरक महत्त्वाचा वाटतो. खर्च इतका पसरलेला असताना सगळ्यांना एकच सूत्र लावलं की कुणाला ते पुरून उरणार आणि कुणाची गाडी बंद पडणार.

म्हणून ‘मेडिकेअरच्या पेशंटमागे तोटा होतो’ हे विधान सरसकट खरं नाही आणि सरसकट खोटंही नाही. तुमच्या भागातली ती सेवा दिवसाला किती कॉल घेते, तिला गावाच्या करातून पैसे मिळतात का, क्रूमध्ये स्वयंसेवक आहेत का, हे कळल्याशिवाय सांगता येणार नाही. अग्निशमन दलाची गाडी असेल तर सज्जतेचा मोठा खर्च करदात्यांनी आधीच उचललेला असतो. खासगी कंपनीची असेल तर तो बिलातूनच निघायला हवा.

हा दर मुळात खर्च मोजून ठरवलेलाच नाही. २००२ च्या आधी हॉस्पिटलच्या गाड्यांना त्यांच्या खर्चाप्रमाणे आणि स्वतंत्र सेवांना ‘वाजवी आकार’ म्हणून काही रक्कम मिळे. शेजारशेजारच्या दोन सेवांना त्याच कामाचे वेगळे पैसे मिळत. १९९७ च्या बॅलन्स्ड बजेट कायद्याने हे बदलायला सांगितलं, सरकार आणि सेवांचे प्रतिनिधी वाटाघाटीला बसले, आणि १ एप्रिल २००२ पासून आजचं दरपत्रक सुरू झालं. ते टप्प्याटप्प्याने २००६ पर्यंत पूर्ण लागू झालं. अट एकच होती, एकूण खर्च वाढता कामा नये. म्हणजे आधी जेवढे पैसे जात होते तेवढ्याच रकमेची नव्याने वाटणी झाली. एक फेरी करायला किती लागतं हा प्रश्न त्या टेबलावर नव्हता. मला हे या साऱ्यातलं सर्वांत मोठं मूळ वाटतं, कारण पुढची प्रत्येक वाढ त्याच पायावर चढत गेली.

वार्षिक वाढही ॲम्ब्युलन्सच्या खर्चाप्रमाणे होत नाही. ग्राहक महागाईचा जूनपर्यंतचा बारा महिन्यांचा आकडा घेतात आणि त्यातून देशाच्या उत्पादकतेतली वाढ वजा करतात. २०२१ साली वाढ मिळाली ०.२ टक्के. तेच वर्ष, जेव्हा मास्क, गाऊन आणि गाडी निर्जंतुक करण्यात प्रत्येक सेवेचा पैसा वाहून जात होता. २०२२ ला ५.१, २०२३ ला ८.७, मग २.६ आणि २०२५ ला २.४. उत्पादकता वजा करण्याचं तत्त्व कारखान्याला शोभतं. तेच दोन कामगार यंत्र सुधारलं की जास्त माल काढतात. पण दोन माणसं एका वेळी एकाच पेशंटला नेऊ शकतात, आणि रस्त्याची रहदारी काही कार्यक्षमतेने कमी होत नाही.

खर्च मोजायचं काम अखेर २०१८ च्या कायद्याने सोपवलं. सेवांची नमुना निवड करून त्यांच्याकडून वर्षभराचा खर्च, उत्पन्न, मनुष्यबळ, गाड्यांची माहिती घ्यायची. ते काम २०२२ मध्ये सुरू झालं. निवड झालेल्या सेवेने माहिती दिली नाही तर तिच्या मेडिकेअरच्या रकमेतून वर्षभर १० टक्के कापले जातात. छोट्या सेवांना ही माहिती भरणं जड जातं. जिथे प्रमुख, पॅरामेडिक आणि हिशेबनीस एकच माणूस आहे तिथे वेळ आणायचा कुठून? तरीही मी प्रत्येकाला सांगते की हा तक्ता मन लावून भरा. स्वयंसेवकांचे तास लिहा, गावाने फुकट दिलेली जागा लिहा, दान मिळालेली गाडी लिहा. जे लिहिलं नाही ते पुढच्या दरात येण्याची शक्यता नाही.

ग्रामीण भागासाठी सूत्रात काही सोयी आहेत. ग्रामीण ठिकाणाहून उचललेल्या पेशंटसाठी पहिले १७ मैल दीडपट दराने मिळतात. शिवाय ३ टक्के वाढ. लोकवस्तीच्या घनतेत ग्रामीण भागातल्याही सर्वांत खालच्या चतुर्थांशात येणाऱ्या जागांना मूळ दरावर २२.६ टक्के जास्त. आधीचंच उदाहरण अशा ठिकाणी घेऊ: जागेचा निर्देशांक ०.९०, अंतर ४० मैल. ४७५ चे होतात ४४१.७५. त्यावर २२.६ आणि ३ टक्के चढवले की ५५७.८३. मैलांचे १७ गुणिले साडेतेरा अधिक २३ गुणिले नऊ, ४३६.५०, त्यावर ३ टक्के, ४४९.६०. एकूण १,००७ च्या वर. बरं दिसतं. पण ती गाडी ४० मैल जाणार, पेशंट सोपवणार आणि ४० मैल रिकामी परत येणार. परतीचे मैल कुणीच देत नाही. तीन तास त्या काउंटीत दुसरी गाडी नसते. आणि वर्षाला अशा फेऱ्या चारशेच.

त्यातून २, ३ आणि २२.६ टक्क्यांच्या या वाढी कायमच्या नाहीत. कायद्याने त्यांना मुदत आहे आणि संसद ती थोडी थोडी वाढवत आली आहे, कधी मुदत संपून गेल्यावर मागच्या तारखेपासून. माझ्या उदाहरणात या वाढी काढल्या तर १,००७ चे ८७८ होतात. सव्वाशे डॉलर फार नाहीत असं वाटेल. पण पुढच्या वर्षी ते असतील की नाही हे माहीत नसताना नवीन पॅरामेडिक नेमायचा का, हे गावच्या मंडळाला ठरवायचं असतं. माणूस नेमायला निश्चित उत्पन्न लागतं, आणि तेच इथे मिळत नाही.

आता जो नियम मी सर्वांत आधी बदलला असता त्याबद्दल. पेशंटला गाडीत घालून नेलं नाही, तर मेडिकेअर काहीच देत नाही. मधुमेहाच्या पेशंटची साखर उतरून तो बेशुद्ध झाला, क्रू बारा मिनिटांत पोहोचला, शिरेतून ग्लुकोज दिलं, माणूस उठून बसला, बायकोने त्याला खाऊ घातलं. पॅरामेडिकने अर्धा तास थांबून पुन्हा साखर तपासली, आणि तो म्हणाला, मला हॉस्पिटलात यायचं नाही. वैद्यकीय दृष्टीने काम चोख झालं. सेवेला मिळाले शून्य डॉलर. तोच माणूस नेला असता तर ॲम्ब्युलन्सचे पाचशे आणि वर इमर्जन्सी रूमचा मोठा खर्च, तोही मेडिकेअरनेच भरला असता. या प्रकाराला कोड आहे, ए०९९८. काही राज्यांचे मेडिकेड (कमी उत्पन्न असलेल्यांचा सरकारी विमा) आणि काही खासगी विमे त्यावर पैसे देतात, मेडिकेअर देत नाही.

हे बदलून बघायचा प्रयत्न झाला होता. ईटी-३ नावाचा प्रयोग जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाला. त्यात ९११ च्या पेशंटला हॉस्पिटलऐवजी अर्जंट केअर किंवा डॉक्टरांच्या दवाखान्यात नेता येई. डॉक्टरांना व्हिडिओवर घेऊन घरीच उपचार केले तरी पैसे मिळत. पाच वर्षांचा म्हणून आखलेला तो प्रयोग २०२३ च्या अखेरीस गुंडाळला, कारण अपेक्षेपेक्षा फार कमी सेवा उतरल्या आणि फार कमी पेशंटना त्याचा उपयोग झाला. माझ्या मते कल्पना योग्य होती. महासाथीच्या ऐन मध्यात नवे करार, नवं सॉफ्टवेअर आणि व्हिडिओवर चोवीस तास डॉक्टर उभे करणं बहुतेक सेवांना झेपण्यासारखं नव्हतं. घरी केलेल्या उपचाराला साधा एक कोड आणि साधा एक दर दिला असता तर निकाल वेगळा दिसला असता असं मला ठामपणे वाटतं.

मृत्यूच्या बाबतीतला नियम माहीत असलेला बरा, कारण घरच्यांना नंतर तो कागद बघून धक्का बसतो. गाडी निघाल्यानंतर पण पेशंटला आत घेण्याआधी मृत्यू घोषित झाला तर बीएलएसचा मूळ दर मिळतो, मैल नाहीत. गाडी निघायच्या आधीच घोषित झाला असेल तर काही नाही. आत घेतल्यावर झाला तर पूर्ण रक्कम.

पातळीबद्दलही एक खुलासा, कारण तुमच्यासारखे पुष्कळ जण विचारतात की ‘काही विशेष केलंच नाही, मग पॅरामेडिकचा दर कसा?’ ९११ वर सांगितलेल्या लक्षणांवरून पॅरामेडिकची गाडी पाठवणं नियमाला धरून होतं, ती तातडीने निघाली आणि पॅरामेडिकने येऊन तपासणी केली, एवढं पुरतं. पुढे सुई लावावी लागली नाही तरी दर एएलएस-१ तातडीचाच. धाप लागणं हे तर त्याचं अगदी ठरलेलं उदाहरण. एएलएस-२ साठी मात्र खरोखर मोठं काम झालेलं असावं लागतं: शिरेतून किमान तीन वेळा औषध, किंवा श्वासनलिकेत नळी घालणं, हाडातून सुई घालणं, छातीतली कोंडलेली हवा काढणं यांसारखी ठरावीक प्रक्रिया. २०२५ पासून गाडीत रक्त चढवणंही त्या यादीत आलं. दर रक्ताच्या खर्चाच्या मानाने अजून तोकडाच आहे, पण दखल घेतली गेली ही चांगली गोष्ट झाली.

तातडी नसलेल्या फेऱ्यांचं जग वेगळं आहे, आणि तुमच्या आईंना कधी डायलिसिस लागलं तर तुमची गाठ त्याच्याशी पडेल. आठवड्यातून तीनदा नेणं-आणणं या फेऱ्यांवर पूर्वी मोठे गैरव्यवहार झाले. चालत येऊन पुढच्या सीटवर बसणाऱ्या पेशंटची स्ट्रेचरची बिलं लागली. त्यावर सरकारने दोन बाजूंनी आवळलं. डायलिसिसच्या बीएलएस फेऱ्यांचा दर २०१३ मध्ये १० टक्के कापला आणि ऑक्टोबर २०१८ पासून ती कपात २३ टक्के केली. शिवाय डिसेंबर २०१४ पासून न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि साउथ कॅरोलायनात आधी परवानगी घेण्याची पद्धत आणली, ती २०२२ पर्यंत देशभर गेली. परवानगीची पद्धत मला पटते, ती खऱ्या-खोट्यात फरक करते. सरसकट कपात पटत नाही, कारण तिची झळ प्रामाणिक सेवेला तितकीच लागते.

इथे कागदावर काय लिहिलंय यावर सगळं अवलंबून असतं. मेडिकेअर ‘खाटेला खिळलेला’ पेशंट कुणाला म्हणतं? जो मदतीशिवाय खाटेवरून उठू शकत नाही, चालू शकत नाही आणि खुर्चीत किंवा व्हीलचेअरमध्ये बसूही शकत नाही. तिन्ही गोष्टी एकदम हव्यात. एखाद्या क्रूने अहवालात लिहिलं, ‘पेशंट खाटेवर, शुद्धीवर, तक्रार नाही, स्ट्रेचरने डायलिसिसला नेलं, वाटेत काही घडलं नाही.’ हा क्लेम नाकारला जाणार. त्याच पेशंटबद्दल दुसऱ्या क्रूने लिहिलं, ‘दोन्ही पाय गुडघ्यात आखडलेले, सरळ होत नाहीत. माकडहाडावर उघडी जखम, ड्रेसिंग ओलं. बसतं केल्यावर तोल जाऊन डावीकडे कलंडतात. दोघांनी चादरीसकट उचलून स्ट्रेचरवर घेतलं, कुशीवर ठेवून नेलं.’ हा क्लेम टिकतो. दुसऱ्या अहवालाला पाच मिनिटं जास्त लागली असतील. डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलेलं असलं तरी तेवढ्यावर भागत नाही. अहवाल आणि प्रमाणपत्र एकच गोष्ट सांगत असले पाहिजेत. नियमित फेऱ्यांसाठी ते प्रमाणपत्र फेरीच्या आधी ६० दिवसांच्या आतलं लागतं.

मेडिकेडबद्दल थोडक्यात, कारण तुमचा प्रश्न मेडिकेअरचा आहे. ते राज्य ठरवतं, आणि बहुतेक ठिकाणी मेडिकेअरपेक्षा कमी देतं. काही राज्यांनी सार्वजनिक सेवांसाठी वेगळी पूरक रक्कम सुरू केली. त्यात स्थानिक संस्था आपला खरा खर्च दाखवते आणि फरकातला केंद्राचा वाटा मिळवते. एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्या वृद्धांना मेडिकेअर आणि मेडिकेड दोन्ही आहे त्यांचे २० टक्के मेडिकेडने भरावेत अशी अपेक्षा असते. पण पुष्कळ राज्यं म्हणतात, मेडिकेअरने दिलेली रक्कम आमच्या दरापेक्षा जास्त आहे, मग आम्ही काही देणं लागत नाही. आणि त्या पेशंटकडूनही सेवेला घेता येत नाही. म्हणजे गरीब वस्तीत काम करणाऱ्या सेवेसाठी मेडिकेअरचा दर प्रत्यक्षात ८० टक्केच असतो. सेवेचा माणूस तोट्याबद्दल बोलतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा हे असतं.

आता तुमच्या हातातल्या कागदाचं काय करायचं ते सांगते. ११४ डॉलर आणि काही सेंट ही आईंची कायदेशीर जबाबदारी आहे. मेडिगॅपची, म्हणजे मेडिकेअरनंतर उरलेला वाटा भरणारी खासगी, पॉलिसी असेल तर बहुतेक योजनांत ती रक्कम तिकडून जाते, तेव्हा आधी सेवेच्या बिलिंग ऑफिसला त्या पॉलिसीचा नंबर कळवा. ९११ च्या कॉलला बऱ्याचदा त्यांच्याकडे मेडिकेअरच्या कार्डापलीकडे काहीच माहिती नसते. आईंचं मेडिकेअर ॲडव्हान्टेज योजनेत, म्हणजे खासगी विमा कंपनीमार्फत, असेल तर वरचा २० टक्क्यांचा हिशेब लागू होत नाही, त्या योजनेने ॲम्ब्युलन्ससाठी ठरवलेला स्वतःचा कोपे, म्हणजे पेशंटने भरायचा वाटा, असतो आणि तो योजनेच्या पुस्तिकेत मिळेल. पैसे एकदम देणं जड जात असेल तर हप्ते मागा. घरची परिस्थिती बेताची असेल तर आर्थिक अडचणीचा अर्ज मागा. सेवेला सरसकट सगळ्यांचे २० टक्के माफ करता येत नाहीत, पण अडचण तपासून एखाद्याचे करता येतात.

कागदावर उचललेलं ठिकाण, हॉस्पिटल, पातळी आणि मैल पडताळून बघा. मैल एक दशांशापर्यंत लिहिलेले असतात. सहाच्या जागी सोळा दिसले तर आधी सेवेला फोन करा, ते दुरुस्त क्लेम पाठवू शकतात. मेडिकेअरने क्लेमच नाकारला असेल तर निर्णय मिळाल्यापासून १२० दिवसांत फेरविचाराचा अर्ज करता येतो. त्यासाठी त्या रात्रीचा क्रूचा अहवाल सेवेकडून लेखी मागून घ्या आणि इमर्जन्सी रूमच्या नोंदींसोबत जोडा. ऑक्सिजनची पातळी आणि श्वासाचा वेग हे दोन आकडे त्यात असले की धापेच्या क्लेमला सहसा दुसरं काही लागत नाही.